चार नटांचे नाटक

वर्षभर दर आठवड्याला या जागी आपली गाठ पडते. घरात आणि दारात रोज वावरणाऱ्या, पण कुणी ढुंकूनही न पाहिलेल्या वस्तूंची विचारपूस करायची, असा या सदराचा रिवाज आहे. दिवाळी अंक जवळ आला, तेव्हा संपादकांचा निरोप आला की, "यंदा जरा खास काहीतरी येऊ द्या." मी घरात जाहीर केले, "यंदा नटांवर लिहिणार!"

आमच्या सौभाग्यवतींचा चेहरा एकदम उजळला. "बाई, बरं झालं! कुलपं न् कात्र्या यांच्यावर वाचून लोक कंटाळले असतील. कोणाकोणावर लिहिणार? त्यांचे फोटो पण मागवा."

"चौघांवर," मी म्हणालो. "चौघेही पोलादी आहेत. पाच सुती. इंजिनाच्या डोक्यावर बसलेले असतात."

सौभाग्यवतींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन करण्याचे हे ठिकाण नव्हे. त्या चकलीच्या सोऱ्याकडे वळल्या आणि मी लिहावयास बसलो. परंतु वाचकहो, मी सांगतो ते नाटकही काही कमी रंगलेले नाही. आणि त्यात एक काम माझ्याकडेही होते. काम कसले, खलनायकाचा हस्तक म्हणा!

गोष्ट २००६ सालच्या दिवाळीची. मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या बाजूला, माझ्या चुलतभावाची भातगिरणी आहे. आम्ही सारे त्याला दादा म्हणतो. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या एस्. टी.त बसले, की दोन्ही बाजूंना भाताची खाचरे लागतात. त्यातलीच काही एके काळी आमचीही होती. गिरणीला विजेची मोटर होती, पण ते दिवस भारनियमनाचे. खेडेगावात दिवसाचे कित्येक तास वीज नसे. म्हणून दादाने आजोबांच्या वेळचे जुने डिझेल इंजिन पुन्हा पुसून पट्ट्याला जोडले होते. सहा घोड्यांचे, विलायती पद्धतीचे, एकाच सिलिंडरचे, मिनिटाला ६५० फेरे घेणारे ते धूड. त्याचा डुग् डुग् आवाज वाडीपर्यंत ऐकू जाई, आणि आवाज आला की लोक भाताची पोती उचलत.

दिवाळीच्या आधी हळवे भात कापून होते. नवा तांदूळ घरात यायचा, पोहे व्हायचे, लेकी-जावयांचा दिवाळसण उरकायचा. गिरणीची खरी सुगी ती हीच. आणि नेमक्या त्या सुगीत इंजिनाने कुरकुर सुरू केली. हेडच्या फटीतून 'फुस् फुस्' असा आवाज, काळ्या तेलाचे ओघळ आणि दर पंधरा दिवसांनी पॅकिंग जळलेले. दादा दर वेळी नवे पॅकिंग घाली, हातभर पाइप पान्ह्याला लावून नट आवळी, आणि इंजिन पुन्हा पंधरा दिवस कसेबसे चाले.

दादाचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, त्या वर्षीच इंजिनिअरिंगची पदविका घेऊन घरी आला होता. त्याने निदान केले, "बाबा, हे जुने स्टड साध्या लोखंडाचे आहेत. जगात कुठल्या कुठे पोचलेत लोक! शर्यतीच्या गाड्यांना बारा पॉइंट नऊचे स्टड घालतात. तेच घालू. पुन्हा हेड उघडायला नको." आणि त्याने मला मुंबईला फोन केला, "काका, नागदेवी स्ट्रीटवरून चार स्टड आणि चार नट आणाल? सोळा मिलिमीटरचे. बारा पॉइंट नऊच बघून घ्या हं!"

मी मोठ्या अभिमानाने नागदेवी स्ट्रीटला गेलो. ज्यांनी मुंबईतला तो रस्ता पाहिला नाही, त्यांनी एकदा पाहावा. जगातली कोणतीही दोन लोखंडे एकमेकांना जोडायची असली, तर जोडणारा तुकडा तिथे मिळतो! सामान पिशवीत घालून मी कल्याणची गाडी पकडली. येताना वाटेत बेसनाचे लाडूही घेतले. पण पुढे जे झाले, त्यात लाडवांचा काही दोष नाही.

आता नाटकातली पात्रे नीट ओळखून घेऊ. सिलिंडर म्हणजे बीडाची नळी. तिच्यात पिस्टन खालीवर होतो. तिच्यावरचे जाड झाकण म्हणजे हेड. नळी आणि झाकण यांच्यामध्ये जी चकती असते, ती गॅस्केट. आपल्या कारागिरांच्या भाषेत पॅकिंग. आणि झाकण जागेवर धरून ठेवतात ते स्टड. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे पाडलेली बिनडोक्याची सळई. तिचे एक टोक इंजिनाच्या अंगात रुतलेले असते, दुसऱ्या टोकावर वरून नट बसतो. आमच्या इंजिनाला असे चार स्टड होते.

गृहिणींना हे सांगायला फार लांब जायला नको. घरचा प्रेशर कुकर डोळ्यांसमोर आणा. तेच झाकण, तीच रबरी कड. कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने जास्त असतो. तेवढ्या दाबानेही झाकण उडाले, तर छताला खळगा पडतो. इंजिनात डिझेल पेटते तेव्हा हा दाब आपण पन्नास किलो धरू. नळीचे तोंड साडेचार इंचांचे, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १०२ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला तर हेडला खालून बसणारा धक्का होतो पाच टनांचा! आणि तो एकदाच बसत नाही. ६५० फेऱ्यांत दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे मिनिटाला ३२५, तासाला साडेएकोणीस हजार. एखाद्या दारावर दर तासाला साडेएकोणीस हजार वेळा पाच टनांची लाथ बसत असेल, तर त्या दाराच्या कड्या कशा असाव्यात?

"चांगल्या जाड आणि मजबूत!" असेच आपण म्हणू. पुतण्याही तेच म्हणाला. आणि त्याच्या बारा पॉइंट नऊचा अर्थही त्याने मला समजावून सांगितला. तो खरोखरच समजून घेण्यासारखा आहे. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९, १२.९ असे आकडे उठवलेले असतात. पहिला आकडा तुटण्याची ताकद सांगतो. १२ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे १२० किलो ओढ बसेपर्यंत तुटणार नाही. ८ असेल तर सुमारे ८०. दुसरा आकडा सांगतो, त्या ताकदीच्या किती हिश्शापर्यंत ओढला तर तो सोडल्यावर पुन्हा मूळ लांबीवर येईल. पॉइंट नऊ म्हणजे दहातले नऊ भाग. त्यापुढे ओढला की तो कायमचा लांबतो. जुन्या चड्डीची नाडी लांबते तसा. सोळा मिलिमीटरच्या १२.९ च्या एका स्टडला एकोणीस टन वजन टांगले तर कुठे तो तुटेल. आणि आमच्याकडे असे चार!

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी सकाळी गिरणीसमोर पोत्यांची रांग लागली होती. ठाकूरवाडीवरची एक म्हातारी डोक्यावर भाताचे गाठोडे घेऊन तीन-चार मैल चालत आली होती. दादाने तिला सावलीत बसवले. आम्ही हेड उतरवले, जुने स्टड काढले, नवे लावू लागलो. पहिले दोन-तीन आटे हाताने सहज गेले. मग स्टड अडला. "नवे आहेत, घट्ट असणारच," पुतण्या म्हणाला. मग पान्हा आला, पान्ह्यावर पाइप आला, पाइपावर पुतण्या आला आणि पुतण्याला हातभार लावायला मी आलो. करकर आवाज करीत चारही स्टड आत उतरले. पॅकिंग, हेड, नट. नटही असे आवळले की आमच्या दोघांच्या कपाळावर शिरा उभ्या राहिल्या. "आता हत्ती जरी ओढायला लावला, तरी हलायचं नाही," मी म्हणालो. असे बोलू नये, हे मला आता कळते.

इंजिन सुरू झाले. फुस् फुस् नाही, ओघळ नाही. दादाने कौतुकाने मुलाच्या पाठीवर हात ठेवला. तासाभराने 'फट्ट' असा मोठा आवाज झाला आणि हेडच्या एका कोपऱ्यातून आगीचा आणि धुराचा लोट भिंतीवर आपटला. पुतण्या नेमका त्या क्षणी डिझेल पाहायला इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला गेला होता. तो दोन पावले अलीकडे असता तर काय झाले असते, हा विचार दादाने त्या दिवशी बोलून दाखवला नाही. पण त्याचा चेहरा मी पाहिला होता. आणि माझ्या पिशवीतूनच ते सामान आले होते.

एकोणीस टनांचा स्टड शाबूत होता, त्याला एक ओरखडाही नव्हता. तो आपल्याबरोबर बीडाचे आटे उपटून घेऊन वर आला होता.

म्हातारी उठली. तिने गाठोडे चाचपले आणि पुतण्याला विचारले, "मग आता हे परत न्यायचं का, बाला?" रागाने नव्हे, अगदी साध्या आवाजात. पुतण्याला काही उत्तर सुचले नाही. तिने गाठोडे डोक्यावर चढवले आणि ती चालू लागली.

दुपारी दादाने एकच वाक्य उच्चारले, "शहापूरच्या मिस्त्रींना आणा." सरळगावहून किन्हवलीवरून शहापूरला रस्ता जातो. मी आणि पुतण्या मोटारसायकलने निघालो. वाटभर तो एक शब्द बोलला नाही. दूरवर माहुलीचे सुळके दिसू लागले, तेव्हा एवढेच म्हणाला, "काका, हिशेबात चूक नव्हती हो."

शहापूरचे नाव मुंबईकरांना भातशाच्या पाण्यामुळे ठाऊक असते. पण ट्रकवाल्यांना ते ठाऊक असते कसारा घाटामुळे. आग्रा रोडने नाशिककडे जाणारी गाडी इथून पुढे चढणीला लागते. १८६५ साली रेल्वे या थळ घाटातून इगतपुरीला पोचली, तेव्हापासून चढणीच्या गाडीला मागून ढकलणारे जादा इंजिन लावावे लागते, इतकी ही चढण कडक. ट्रकला, जीपला मागून कोण ढकलणार? त्यांनी आपल्याच छातीवर चढायचे. साहजिकच घाटात तापून हेड गेलेल्या गाड्या या रस्त्यावरच्या कारागिरांकडे यायच्या. मिस्त्री सत्तरीचे होते. चाळीस वर्षे त्यांनी हीच डोकी उघडमिट केली होती. आम्ही गेलो तेव्हाही त्यांच्या फळीवर एका जीपचे हेड उताणे पडले होते.

त्यांनी आमची हकीकत ऐकली, उपटलेला स्टड हातात घेतला आणि खिशातून एक छोटी वस्तू काढली. चाकूसारखी पाती असलेली. पण प्रत्येक पात्याला कंगव्यासारखे दात. आटे मोजायची पट्टी. एक पाते त्यांनी आमच्या जुन्या स्टडवर टेकवले; दात आट्यात नेमके बसले. तेच पाते नव्या स्टडवर टेकवले आणि पुतण्याच्या डोळ्यांसमोर धरले. दातांच्या मधून उजेड दिसत होता.

"दादा, जुना इंचाचा आहे, नवा मिलिमीटरचा," ते म्हणाले. "जाडी जवळपास सारखी. म्हणून तर माणूस फसतो."

इथे थोडा इतिहास सांगतो. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी प्रत्येक कारखान्याचा आटा निराळा असे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेल तर शपथ! १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने सर्वांनी एकच माप पाळावे असे सुचवले. त्याच्या आट्याच्या खाचेचा कोन ५५ अंशांचा. पाच सुती जाडीला, म्हणजे इंचाच्या पाच अष्टमांशाला, एका इंचात अकरा आटे. आपल्याकडे दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, पुढच्या वर्षी नाणी बदलली, आणि हळूहळू बोल्टही मिलिमीटरचे झाले. त्यांचा कोन ६० अंशांचा, आणि सोळा मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टला इंचात पावणेतेराच्या आसपास आटे. पाच सूत म्हणजे पावणेसोळा मिलिमीटरांहून किंचित जास्त. म्हणजे जाडीत केसाएवढा फरक. पण चाल निराळी. दोन-तीन आटे शेजारीशेजारी गोडीने चालतात, मग पावले चुकतात. सोऱ्याच्या झाकणाचा आटा तिरका बसला की कसा मध्येच अडतो? आपण तो उलटा फिरवून पुन्हा लावतो. आम्ही पाइप लावला.

"आणि गंमत अशी," मिस्त्री म्हणाले, "की असा स्टड घट्ट लागतो. जेवढा चुकीचा, तेवढा घट्ट. पण तो स्वतःच्याच आट्यात अडकून घट्ट असतो; त्याचं झाकणावर लक्ष नसतं."

मी हे वाक्य तेव्हाच लिहून ठेवले. ते इंजिनाबाहेरही पुष्कळ ठिकाणी लागू पडते. असो.

मिस्त्री आमच्याबरोबर आले. ते जुने चार स्टड एका रांगेत मांडून त्यांनी पुतण्यालाच विचारले, "यात काय दिसतं?" त्याने पट्टीने मोजले. चारांपैकी दोघांची लांबी वाढली होती. मधे कंबर बारीक झाली होती. वर्षानुवर्षे पाइप लावून आवळल्याचा तो प्रताप. मग त्यांनी हेडच्या पृष्ठभागावर पोलादी सरळपट्टी उभी ठेवली. मधून पातळ पत्ती सरकली. हेड वाकले होते. शेवटी इंजिनातल्या पाण्याच्या वाटेत तार घातली, तेव्हा पांढऱ्या क्षारांचे पोपडेच बाहेर आले. विहिरीच्या पाण्याने ती वाट जवळजवळ बुजली होती. हेड तापत होते, म्हणून वाकत होते, म्हणून पॅकिंग जळत होते. "ताप आलेल्या माणसाला जाड पट्टा बांधून ताप उतरत नाही," ते म्हणाले. पुतण्याचा हिशेब बरोबर होता; पण तो दुसऱ्याच दुखण्याचा होता.

मग स्टड मजबूत करायचेच नाहीत की काय? पुतण्याने हे विचारले आणि मिस्त्रींच्या उत्तराने माझ्या डोक्यातला मोठा अंधार दूर झाला. स्टड ही खुंटी नव्हे, ती ताणाची स्प्रिंग आहे. नट आवळतो तेव्हा स्टड खरोखर लांबतो. सहा इंचांचा स्टड दोन-तीन दशांश मिलिमीटर, म्हणजे नखाच्या जाडीहूनही कमी. लांबलेली स्प्रिंग आखडू पाहते आणि त्या आखडण्यानेच झाकण दाबून धरले जाते. खालून पाच टनांचा धक्का येणार असेल, तर चौघांनी मिळून आधीच दहा-बारा टनांनी दाबून ठेवलेले असावे. मग धक्क्याने फट उघडतच नाही, आणि स्टडलाही तासाला साडेएकोणीस हजार हिसके जाणवत नाहीत. ताण कमी पडला, तर फट किंचित उघडमिट होते, गरम वायू त्यातून घुसतो, पॅकिंग जळते, आणि हिसके खाऊन स्टडही एक दिवस थकून तुटतो.

आता मेख अशी की, भारी पोलाद जास्त ओढ सोसते, पण तेवढ्याच ओढीला साध्या पोलादाइतकेच लांबते. म्हणून भारी स्टड घालून नट पहिल्याइतकाच आवळला, तर झाकणावरचा दाब पहिल्याइतकाच राहतो. पैसे तेवढे जास्त गेले. बरे, भारी आहे म्हणून जास्त आवळला, तर ती जादा ओढ कोणी तरी सोसायची असतेच. ती सोसतात बीडाचे आटे, ते हेड आणि ती नळी. आटे उपटतात, हेड कोपऱ्यात दबते, गोल नळी किंचित लांबट होऊन पिस्टनला घासते. घरात एकच माणूस फार बळकट झाला, की बाकीच्यांची काय अवस्था होते, ते एकत्र कुटुंबातल्या वाचकांना सांगायला नको.

मिस्त्रींनी मात्र सुधारणा केलीच, पण बेताने. फाटलेली भोके त्यांनी मोठी करून त्यात सहा सुती आटे पाडले. मुरबाडला एका लेथवर मध्यम ताकदीच्या पोलादाचे, ज्याला बाजारात ई. एन. आठ म्हणतात, चार पायरीचे स्टड करून घेतले. खाली सहा सुती, वर पाच सुती. म्हणजे बीडातली पकड वाढली आणि हेडच्या भोकाला धक्का लागला नाही. नटाखाली साध्या पत्र्याच्या चकतीऐवजी जाड, कडक वॉशर आले. हेड घासून सपाट केले. पाण्याची वाट साफ केली. आटे तारेच्या ब्रशाने स्वच्छ केले, भोकांच्या तळातले तेल कापडाने टिपून घेतले. कारण तळात तेल राहिले आणि वरून स्टड आवळला, तर तेल दबत नाही, बीड फुटते.

मग आली ती कामगिरी, जी पाहायला मी मुद्दाम सौभाग्यवतींना फोन करून बोलवायला हवे होते. मिस्त्रींनी पिशवीतून लांब दांड्याचा, आकड्यांची तबकडी असलेला पान्हा काढला. टॉर्क पान्हा. किती जोर लागला ते तो दाखवतो. "हात खोटं बोलतो," ते म्हणाले, "सकाळी एक बोलतो, दमल्यावर दुसरंच." आणि त्यातही एक खोच आहे. आपण नट आवळताना शंभर भाग जोर लावला, तर त्यातला निम्मा नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, चाळीसेक भाग आट्यांच्या घर्षणात, आणि स्टड ताणायला उरतात जेमतेम दहा! म्हणून गंजक्या आट्यावर पान्हा बरोबर आकडा दाखवील, पण ताण निम्माही नसेल. आणि तेल लावलेल्या आट्यावर तोच आकडा ताण वाढवील. पुस्तिकेत आकडा तेल लावून दिला आहे की कोरडा, हे पाहूनच आवळायचे.

आवळायचे तेही तबल्यासारखे. तबलजी एकच गठ्ठा ठोकत बसत नाही; समोरासमोरचे घर घेत घेत सूर चढवतो. मिस्त्रींनी पुतण्याकडून एक नट, मग त्याच्या तिरप्या समोरचा, मग तिसरा, मग चौथा असे आवळून घेतले. पहिल्या खेपेला ठरलेल्या जोराच्या तिसऱ्या हिश्शाने, दुसऱ्या खेपेला दोन हिश्शांनी, तिसऱ्या खेपेला पूर्ण. अर्धा तास इंजिन चालवून ते थंड होऊ दिले आणि पुन्हा एकदा पान्हा फिरवला. कारण जुन्या तऱ्हेचे पॅकिंग गरम झाल्यावर दबते आणि स्टड थोडे सैल पडतात. शेवटी झडपांची फट तपासली. त्या सबंध वेळात मिस्त्रींनी स्वतः एकही नट आवळला नाही. पान्हा पुतण्याच्याच हातात होता.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी डुग् डुग् सुरू झाले. ते ऐकून वाडीवरचे लोक आले, म्हातारी मात्र आली नाही. दुसऱ्यांदा चालून येण्याचा तिला भरवसा राहिला नसावा. पुतण्या कुणालाही न सांगता मोटारसायकलवरून वाडीवर गेला, गाठोडे घेऊन आला, भात सडला आणि तांदूळ, कोंडा वेगवेगळे बांधून परत पोचवून आला. पैसे किती घेतले, असे दादाने विचारले नाही.

शहरातल्या वाचकांना वाटेल, आम्हाला कुठे भातगिरणी चालवायची आहे? पण तुमच्या दारातल्या मोटारीच्या आतही हेच नाटक चालू असते. पात्रे फक्त जास्त नाजूक आहेत. पुष्कळ गाड्यांचे हेड ॲल्युमिनियमचे असते. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. माळशेजच्या किंवा कसाऱ्याच्या चढणीत पाणी संपून गाडी बेसुमार तापली, की फुगलेले हेड बोल्टना ओढून कायमचे लांबवते. आणि गाडी थंड झाल्यावर तेच बोल्ट ढिले पडतात. बऱ्याच नव्या गाड्यांत तर बोल्ट मुद्दामच लवचिकपणाच्या हद्दीपर्यंत ताणतात. आधी ठरावीक जोर, मग ठरावीक अंश फिरवणे. असे बोल्ट सहसा एकदाच वापरायचे असतात. काटकसर म्हणून जुनेच परत लावणे म्हणजे ताणलेले इलास्टिक उलटून शिवणे! आणि अशा गाड्यांना पुन्हा पान्हा फिरवायचा की नाही, ते पुस्तिकेत लिहिलेले असते, तिचे ऐकावे.

तेव्हा रेडिएटरचे पाणी कुठे न गळता कमी होऊ लागले, त्यात बुडबुडे दिसू लागले, इंजिनातले तेल दुधाळ चहासारखे झाले, किंवा गाडी गरम झाल्यावरही मागून पांढरी वाफ येत राहिली, तर गाडी पुढे दामटू नका. गरम रेडिएटरचे झाकण तर मुळीच उघडू नका. आणि हेड उघडावे लागलेच, तर कारागिराला तीन प्रश्न नम्रपणे विचारा: तापायचे कारण सापडले का? हेडची सपाटी तपासली का? बोल्ट नवे, त्याच गाडीच्या मापाचे आहेत का, आणि आकडा पाहून आवळणार ना? भारी बोल्ट घाला, असे सांगायची पाळी त्यानंतर. आणि बहुधा ती येतच नाही.

मिस्त्री आता नाहीत. वीज पूर्वीपेक्षा बरी असल्याने इंजिन क्वचितच चालते. पण दर दसऱ्याला पुतण्या त्याच्या पाण्याची वाट साफ करतो आणि तो टॉर्क पान्हा पूजेत मांडतो. तो मिस्त्रींनीच त्याला दिला.

आणि नागदेवी स्ट्रीटचे ते चार भारदस्त नट आणि स्टड? ते मी परत घेऊन आलो. तीन माळ्यावर आहेत. चौथा सौभाग्यवतींनी स्वच्छ घासून स्वयंपाकघरात ठेवला आहे. हा लेख संपत असताना आतून ठक् ठक् असा आवाज येतो आहे. एकोणीस टन पेलणारा आमचा नट करंजीच्या सारणासाठी वेलदोडे कुटतो आहे. त्या कामाला मात्र तो अगदी मापात बसला आहे.